शिक्षेपूर्वी कानाची तपासणी

हाक मारूनही न वळणारे, वर्गात लक्ष नसलेले, चटकन चिडणारे बालक हट्टी ठरविले जाते. वस्तुतः त्याच्या कानाच्या पडद्यामागे चिकट द्रव साचलेला असू शकतो. नाकामागून कानाकडे जाणारी नलिका बालवयात अरुंद व आडवी असल्याने सर्दीत तुंबते. कान सहसा दुखत नाही. म्हणून दोष ध्यानी येत नाही.

बहुधा हा द्रव ३ महिन्यांत आपोआप ओसरतो. तोवर बालकास पुढे बसवावे, समोरून सावकाश बोलावे. कानात तेल घालू नये. त्यानंतरही ऐकू कमी येत असल्यास तज्ज्ञ पडद्यास सूक्ष्म छेद देऊन द्रव काढतात व बारीक नळी बसवितात. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी व शाळेतील बालकांच्या श्रवणदोषाचीही तपासणी अंतर्भूत आहे. शिक्षेपूर्वी ती करून घेणे श्रेयस्कर होय.