रक्त लाल, मग घड्याळाचा दिवा हिरवा का?

प्रश्न : मुलाने मला स्मार्टवॉच घेऊन दिलं आहे. रात्री खोलीतला दिवा मालवला की त्याच्या पाठीमागून हिरवा उजेड लुकलुकताना दिसतो. त्यावरून नाडी मोजली जाते असं मुलगा सांगतो. रक्त तर लाल असतं, मग दिवा हिरवा कशाला? आणि दुसरं असं की माझ्या सासूबाईंना मधुमेह आहे. रोज बोटाला टोचून घ्यायला त्या कंटाळल्यात. न टोचता साखर दाखवणारी घड्याळं दोन-तीन हजारांत मिळतात अशा जाहिराती येतात. त्यांच्यासाठी एखादं घ्यावं का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तिथे चूक झाली तर ती सासूबाईंच्या जिवाशी येईल. ते घड्याळ घेऊ नका. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये लोकांना जाहीर इशारा दिला : त्वचेला न टोचता स्वतःहून रक्तातली साखर मोजणारं एकही घड्याळ किंवा अंगठी आम्ही मान्य केलेली नाही, अशी उपकरणं वापरू नका. इशारा कोणत्या एका कंपनीपुरता नव्हता, त्या सगळ्या प्रकारच्या वस्तूंसाठी होता.

असं का, हे समजायला तुमचा पहिला प्रश्नच उपयोगी पडतो. म्हणून आता त्या हिरव्या दिव्याकडे वळू.

रक्त लाल आहे म्हणूनच दिवा हिरवा आहे. एखादी वस्तू लाल दिसते याचा अर्थ ती लाल प्रकाश परत पाठवते आणि बाकीच्या रंगांतला बराचसा गिळून टाकते. रक्तातलं हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश भरपूर शोषतं. घरीच बघा. मोबाइलचा टॉर्च लावून त्यावर बोटाचं पेर दाबून धरा. बोट निखाऱ्यासारखं लाल दिसेल. टॉर्चच्या पांढऱ्या उजेडात सगळे रंग होते. हिरवा-निळा बोटातल्या रक्ताने वाटेत अडवला, लाल तेवढा आरपार आला.

घड्याळ याच अडवण्याचा उपयोग करतं. हृदयाचा ठोका पडला की मनगटाच्या त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या किंचित फुगतात. त्या क्षणी तिथे रक्त जास्त, म्हणून हिरवा प्रकाश जास्त शोषला जातो आणि परत येणारा उजेड थोडा मंदावतो. दोन ठोक्यांच्या मध्ये तो पुन्हा वाढतो. दिव्याशेजारी बसवलेला सेन्सर ही चढउतार टिपत राहतो आणि घड्याळातली चिप त्यावरून मिनिटाला किती ठोके पडले ते काढते. म्हणजे घड्याळाला ठोका ऐकू येत नाही, त्याला फक्त उजेड कमी-जास्त झालेला कळतो. हा फरकही फार बारीक असतो, परत आलेल्या एकूण उजेडाच्या जेमतेम एखादा टक्का.

इतका बारीक फरक टिपायचा तर हाताची हालचाल मोठा अडथळा ठरते. लाल प्रकाश त्वचेत खोल जातो, आणि हात हलला की आतलं मांस, शिरा, सगळंच हलतं. हिरवा वरच्या थरातूनच परततो, त्यामुळे हालचालीची गडबड त्याला कमी भोवते. म्हणून चालताना, पळताना हिरवा वापरतात. तुम्ही शांत बसलेल्या असताना काही घड्याळं डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण वापरतात, तेव्हा दिवा बंद आहे असं वाटतं. पण हिरव्यालाही मर्यादा आहे. पोळ्या लाटताना किंवा कपडे घासताना हात ठरावीक लयीत मागेपुढे होतो. ती लय आणि नाडीची लय जवळपास आली की घड्याळाची गफलत होऊ शकते. घड्याळात हालचाल मोजणारा वेगळा सेन्सर असतो, त्याच्या आधारे ही लय वजा करायचा प्रयत्न होतो, पण तो दर वेळी साधत नाही. कामाच्या घाईत नाडी अचानक १४० दिसली तर घाबरून न जाता पाच मिनिटं शांत बसा आणि मग पुन्हा बघा.

पट्टा सैल असेल तर बाहेरचा उजेड आत शिरतो, म्हणून घड्याळ मनगटाच्या हाडाच्या थोडं वर, त्वचेला टेकेल असं बांधावं. आणखी एक गोष्ट आपल्याकडे विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. जुन्या पिढीतल्या अनेक बायकांच्या हातावर गोंदण असतं. गोंदणाची शाई दिव्याचा प्रकाश अडवते, त्यामुळे नेमकं त्यावर घड्याळ बसलं तर आकडा चुकतो किंवा येतच नाही. सासूबाईंच्या मनगटावर गोंदण असेल तर घड्याळ दुसऱ्या हातात बांधावं.

इतकी पथ्यं पाळली तर स्वस्थ बसलेल्या माणसाची नाडी चांगलं घड्याळ बऱ्यापैकी बरोबर सांगतं. ठोक्यांची लय बिघडली तर तेही काही वेळा त्याला कळतं. अमेरिकेत अ‍ॅपलच्या घड्याळावर झालेला मोठा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चार लाखांहून जास्त माणसं होती. लय अनियमित असल्याची सूचना त्यांच्यापैकी साधारण अर्धा टक्का लोकांना मिळाली. ज्यांनी पुढे छातीवर पट्टी लावून तपासणी केली, त्यांच्यापैकी सुमारे एक तृतीयांश जणांत विकार त्या वेळीही आढळला. म्हणून अशी सूचना आली तर ती डॉक्टरांना जरूर दाखवावी, मात्र तिला निदान समजू नये. आणि हे पक्कं लक्षात असू द्या : छातीत दुखत असताना घड्याळ काय म्हणतं ते बघत बसायचं नाही. काही घड्याळांत ईसीजीची सोय असते, पण ती एकाच बाजूने हृदयाची विद्युतलहर बघते. दवाखान्यात बारा बाजूंनी बघतात. मनगटावरच्या ईसीजीला हृदयविकाराचा झटका ओळखता येत नाही.

आता साखरेकडे यायला ऑक्सिजनची वाट धरू. कोविडच्या दोन वर्षांत घराघरांत ऑक्सिमीटर आला आणि ९४ हा आकडा सगळ्यांना पाठ झाला. त्या यंत्राचं मूळ तत्त्व शोधणारे ताकुओ आओयागी हे जपानमधल्या निहोन कोहडेन कंपनीतले अभियंते. ते काही वेगळंच करत होते. रुग्णाच्या रक्तात रंगद्रव्य सोडायचं, ते किती वेगाने पातळ होतं हे कानाच्या पाळीतून प्रकाश टाकून बघायचं आणि त्यावरून हृदय किती रक्त ढकलतं हे काढायचं, असं ते काम होतं. नाडीच्या ठोक्यांमुळे आलेखात सारख्या लाटा उठत आणि मोजमाप बिघडत असे. त्या लाटा घालवण्यासाठी त्यांनी दुसऱ्या तरंगलांबीचा प्रकाश जोडून बघितला. तेव्हा दिसलं की रक्तातला ऑक्सिजन बदलला की लाटा पुन्हा डोकं वर काढतात. बिघाड समजून जे पुसायचं होतं, त्यातच धमनीतल्या ऑक्सिजनची माहिती होती. हे १९७४ सालचं. एप्रिल २०२० मध्ये, जगभर लोक ऑक्सिमीटर शोधत असताना, आओयागी वारले. इतक्या माणसांना ज्याचा उपयोग झाला त्या माणसाचं नाव आपल्याला ठाऊक असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

तत्त्व सोपं आहे. ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन लाल प्रकाश कमी शोषतं, ऑक्सिजन सोडलेलं जास्त. अवरक्त प्रकाशाचं उलट. दोन्ही टाकून त्यांचं प्रमाण काढलं की ऑक्सिजनचा टक्का मिळतो. बोटाच्या चिमट्यात प्रकाश आरपार जातो. मनगटातून तो आरपार जाऊ शकत नाही, परतून आलेल्या थोड्या उजेडावरच घड्याळाला भागवावं लागतं, म्हणून त्याच्या आकड्यावर बोटाच्या यंत्राइतका भरवसा नाही. त्यात त्वचेच्या रंगाचाही प्रश्न आहे. २०२० च्या डिसेंबरमध्ये मिशिगन विद्यापीठातल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की रक्तातला ऑक्सिजन खरोखर घसरलेला असूनही ऑक्सिमीटरने तो ठीक दाखवला, असं कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्या रुग्णांच्या जवळपास तिप्पट वेळा घडलं. ही दवाखान्यातल्या यंत्रांची गोष्ट. आपल्याकडे गव्हाळ ते गडद सावळी अशी सगळ्या छटांची माणसं आहेत. इथे घड्याळं विकणाऱ्यांनी इथल्या माणसांवर चाचण्या करून त्यांचे निकाल खोक्यावर छापायला हवेत. ग्राहक म्हणून हे मागायचा आपल्याला हक्क आहे.

नाडी आणि ऑक्सिजन, दोन्हींसाठी घड्याळ हिमोग्लोबिनकडे बघतं. हिमोग्लोबिनला ठळक रंग आहे आणि ते रक्तात भरपूर आहे, शंभर मिलिलिटरला साधारण १४ ग्रॅम. साखरेचं काय? निरोगी माणसाच्या तेवढ्याच रक्तात साखर असते साधारण १०० मिलिग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा दहावा भाग. अंगातल्या पाचेक लिटर रक्तात मिळून पाच ग्रॅम, चहाचा एक चमचा. शिवाय पाण्यात विरघळलेल्या साखरेला रंग नाही. अवरक्त प्रकाशात तिची खूण सापडते, पण तिथे पाणी, चरबी आणि प्रथिनं यांच्या खुणा तिच्यावर चढलेल्या असतात, आणि त्या कितीतरी मोठ्या. जगातल्या मोठमोठ्या कंपन्या आणि प्रयोगशाळा वर्षानुवर्षं यामागे लागलेल्या आहेत ते यासाठीच. उद्या ते साधेल, साधावं. त्या दिवशी ती बातमी दोन हजारांच्या घड्याळाच्या जाहिरातीतून कळणार नाही.

एक प्रयत्न तर खरोखर बाजारात आला होता. ग्लुकोवॉच नावाच्या घड्याळाला अमेरिकेत २००१ मध्ये मान्यता मिळाली. ते अगदी सौम्य वीज सोडून त्वचेतून द्रव ओढायचं आणि त्यातली साखर मोजायचं. त्वचा लाल व्हायची, खाज सुटायची, सुरू झाल्यावर तासन्‌तास थांबावं लागायचं, आणि आकडा जुळवून घ्यायला बोटाला टोचावं लागायचंच. काही वर्षांत ते बंद पडलं.

मग स्वस्त घड्याळ ११२ किंवा १२६ हा आकडा आणतं कुठून? प्रकाशातून जे दिसतं ते आणि तुम्ही भरलेलं वय-वजन यांवरून अंदाज बांधला जातो. निरोगी माणसाची साखर बहुतेक वेळ एका पट्ट्यातच राहते, त्यामुळे अंदाज फारसा चुकल्याचं जाणवत नाही. घोटाळा होतो तो सासूबाईंच्या बाबतीत. त्यांची साखर ६० वर आली, घाम फुटला, हात थरथरायला लागले, आणि घड्याळ ११२ दाखवत राहिलं तर घरातले म्हणतील, उकाड्याने होत असेल. किंवा आकडा उगाच मोठा दिसला म्हणून इन्सुलिन जास्त घेतलं जाईल. दुकानात खात्री करायची असेल तर गुंडाळलेल्या रुमालावर किंवा कागदाच्या गुंडाळीवर ते घड्याळ बांधायला सांगा. रुमालाचीही नाडी आणि साखर दिसली तर आणखी काही विचारायला नको. ‘वैद्यकीय वापरासाठी नाही’ असं खोक्यावर बारीक अक्षरात आणि ‘साखर मोजा’ असं जाहिरातीत ठळक अक्षरात छापणं हा आजारी माणसांशी केलेला सरळ अन्याय आहे. ग्लुकोमीटरसारखी यंत्रं भारतात २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली येतात. साखर सांगण्याचा दावा करणाऱ्या घड्याळालाही तीच कसोटी लागली पाहिजे.

एक गोंधळ मात्र टाळा. दंडावर किंवा पोटावर छोटी चकती चिकटवून सतत साखर मोजणारी यंत्रं मिळतात, ती खरी आहेत. त्यांचा केसासारखा तंतू त्वचेखाली जातो आणि तिथल्या द्रवातली साखर मोजतो. तिचा आकडा मोबाइलवर किंवा घड्याळावर दिसतो, पण मोजणारी चकती असते, घड्याळ नव्हे. ती साधारण दहा-पंधरा दिवसांनी बदलावी लागते आणि खर्चिक आहे. इन्सुलिनवर असणाऱ्यांना तिचा मोठा आधार होतो. सासूबाईंना ती हवी का, हे त्यांच्या डॉक्टरांना विचारा.

आणि विचारायला जाल तेव्हा हेही विचारा, की रोज टोचायची गरज आहे का. फक्त गोळ्यांवर असलेल्या आणि साखर आटोक्यात असलेल्या पुष्कळ जणांना ती नसते. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी चाचणी आणि मधूनमधून घरची तपासणी एवढ्यावर त्यांचं भागतं. टोचायचंच असेल तर बोटाच्या टोकाच्या मधोमध टोचू नका, कडेला टोचा. तिथे दुखणं कमी असतं. दर वेळी बोट बदला आणि नवी सुई घ्या, बोथट सुई जास्त दुखते. आधी हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. आंबा कापलेल्या बोटाला टोचलं तर फळाच्या रसानेच आकडा वर जातो. साखर ७० च्या खाली दिसली आणि सासूबाई शुद्धीवर असतील, गिळू शकत असतील, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही न घालता लगेच दवाखाना गाठा.