सिझेरियनचे बाळ आणि दमा

गोविंदपुऱ्यात कुणाकडे बाळ पाहायला गेले की हल्ली हमखास कुजबुज कानी येते : “सिझेरियनचं आहे, छाती नाजूकच राहणार.” बाळंतीण ते ऐकते आणि स्वतःलाच दोष देते. म्हणून या विषयावर आम्ही लिहीत आहोत.

या समजुतीत थोडे तथ्य आहे. पोटातल्या बाळाची फुप्फुसे पाण्याने भरलेली असतात. कळा सुरू झाल्या की ते पाणी शोषले जाऊ लागते. कळांपूर्वीच शस्त्रक्रिया केली तर पाणी मागे राहते, आणि बाळाला एकदोन दिवस धाप लागू शकते. शिवाय नैसर्गिक बाळंतपणात आईच्या अंगचे उपयोगी जंतू बाळाला मिळतात. २०१८ साली अनेक देशांतील अभ्यास एकत्र तपासले गेले. त्यांत सिझेरियनच्या मुलांत दम्याचे प्रमाण सुमारे एक पंचमांशाने अधिक दिसले. म्हणजे इतरांत शंभरी १० मुलांना दमा असेल, तर यांच्यात १२ जणांना. उरलेल्या ८८ जणांना काहीच नाही! आणि आईचा स्वतःचा दमा, घरातला धूर हीही कारणे असतातच.

२०१९–२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातील खाजगी रुग्णालयांत शंभरी ४७ बाळंतपणे सिझेरियनने झाली, सरकारी रुग्णालयांत १४. कापणीपूर्वी मोकळे व्हावे म्हणून तारीख मागणारी घरेही असतात. हिरवा गहू कापला तर दाणा चिमतो, हे आपल्याला कुणी सांगावे लागत नाही. अडचण नसेल तर ३९ आठवडे पुरे होण्याआधी तारीख मागू नये.

मात्र बाळ आडवे असेल, वार खाली असेल किंवा बाळाचे ठोके मंदावले असतील, तर क्षणभरही अडून बसू नये. गर्भवतींचे आश्रयदाते संत रेमंड यांना ‘नोनाटस’, म्हणजे ‘न जन्मलेला’, म्हणतात; मृत मातेच्या उदरातून त्यांना काढले होते, अशी परंपरा आहे. आज आई आणि बाळ दोघेही वाचतात.

शस्त्रक्रियेनंतरही शक्यतो पहिल्या तासातच बाळाला अंगावर घ्यावे. सहा महिने फक्त आईचे दूध, वरचे पाणीसुद्धा नको. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी व धुरी बंद. विडी ओढणाऱ्या आजोबांना अंगणात बसवावे, रागावले तरी चालेल. मळणीच्या भुश्यापासून बाळ दूर ठेवावे आणि नरवाई पेटवूच नये.

दोन महिन्यांच्या आतील बाळ शांत असताना त्याचे श्वास पूर्ण मिनिटभर मोजावेत. ६० किंवा अधिक भरले तर पुन्हा मोजावेत. तितकेच आले, किंवा छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर रात्र असली तरी दवाखाना गाठावा.