घटक ५ : ‘समाजस्वास्थ्य’ मासिक – वाचक, वाद आणि भाषा

५.१ प्रास्ताविक

लोकहितवादींची ‘शतपत्रे’ आपल्या परिचयाची आहेत. ‘प्रभाकर’ साप्ताहिकातील ही पत्रे नावाने पत्रे असली, तरी तेथे बोलणारा एकच होता. वाचकाने ऐकावे, एवढीच अपेक्षा होती. प्रस्तुत घटकात ज्या मासिकाचा विचार करावयाचा आहे, तेथे वाचक प्रश्न विचारतो, संपादक उत्तर देतो आणि त्या उत्तरापायी त्याच्यावर फौजदारी खटला चालतो. रघुनाथ धोंडो कर्वे यांचे ‘समाजस्वास्थ्य’ हे ते मासिक. १५ जुलै १९२७ रोजी ते सुरू झाले आणि ऑक्टोबर १९५३ मध्ये कर्वे यांच्या निधनानंतर बंद पडले. सव्वीस वर्षे एका माणसाने स्वतःच्या खर्चाने व कष्टाने ते चालविले.

५.२ पार्श्वभूमी

कर्वे हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ज्येष्ठ पुत्र आणि मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक. १९२१ मध्ये त्यांनी पत्नी मालतीबाई यांच्या साहाय्याने मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र सुरू झाले ते याच वर्षी, हे लक्षात घेण्याजोगे आहे. १९२३ मध्ये ‘संततिनियमन : विचार व आचार’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. या प्रचारामुळे १९२५ मध्ये त्यांना नोकरी सोडावी लागली. पुढील मासिक निघाले ते अशा अर्थार्जन तुटलेल्या अवस्थेत.

५.३ प्रश्न विचारणारा वाचक

मासिकात लेख होते, परीक्षणे होती, स्त्रीच्या भूमिकेतून लिहिलेली ‘शारदेची पत्रे’ होती. परंतु मासिकाभोवती जो वाचकसमुदाय तयार झाला, त्याचे मर्म प्रश्नोत्तरांत आहे. ते भाषेच्या अंगाने पाहू.

तत्कालीन मराठी पत्रलेखनाला ठरलेले साचे होते. वडिलांना ‘साष्टांग नमस्कार’, बरोबरीच्यास ‘सप्रेम नमस्कार’, मग ‘विनंती विशेष’. घरातील नाते आणि मान यांनुसार भाषा बदले. परंतु स्वतःच्या शरीराविषयीची शंका कोणत्या नात्याच्या माणसाला, कोणत्या शब्दांत विचारावी, याची सोय यांपैकी एकाही साच्यात नव्हती. बोलीत शब्द होते, पण ते शिवीत मोडत; ग्रंथात शब्द होते, पण ते संस्कृतात वा वैद्यकाच्या परिभाषेत. शिवी आणि श्लोक यांच्यामधली जागा रिकामी होती. कर्वे यांनी ती जागा साध्या, कोरड्या, जवळजवळ गणिती मराठीने भरली. ‘समागम’, ‘गुप्तरोग’, ‘हस्तमैथुन’ हे शब्द ते कसलाही आडपडदा न ठेवता, पण चवीनेही न वापरता योजतात. लालित्य शोधणाऱ्यास हे गद्य रुक्ष वाटेल, आणि ते रुक्ष आहेच. उपरोध सोडला तर त्यात अलंकार फारसा नाही. मात्र संकोचलेल्या माणसाला उत्तर देताना हा रुक्षपणाच दिलासा देणारा ठरतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. शिवाय उत्तर छापले जात असल्यामुळे एकाची शंका अनेकांची होई. विचारण्याचे धैर्य नसलेला वाचकही या समुदायाचा सभासद होता.

५.४ ‘अश्लील’ म्हणजे काय?

मासिकावर रोष ओढवला तो मुखपृष्ठावरील नग्न चित्रांमुळे आणि मजकुरामुळेही. १९३१ मध्ये व्यभिचारविषयक लेखाबद्दल खटला होऊन कर्वे यांना १०० रुपये दंड झाला. १९३४ चा खटला आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा, कारण तो वाचकांना दिलेल्या उत्तरांवरच होता. हस्तमैथुन व समलिंगी संबंध यांविषयीचे ते प्रश्न होते. कर्वे यांची बाजू बॅरिस्टर भीमराव आंबेडकर यांनी मांडली. मासिकाचा विषयच लैंगिक शिक्षण असेल, तर वाचकाच्या शंकेला उत्तर का देऊ नये, आणि लैंगिक विषयावरील प्रत्येक लेखन अश्लील कसे ठरते, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. निकाल विरुद्ध गेला. २०० रुपये दंड झाला.

आता शब्दाकडे वळू. ‘अश्लील’ हा शब्द ‘अ + श्रील’ असा सिद्ध होतो. ‘र’चा ‘ल’ झाला आहे. श्री, म्हणजे शोभा, ज्यात नाही ते अश्लील. संस्कृत काव्यशास्त्राने तो काव्यदोष मानला आणि व्रीडा, जुगुप्सा व अमंगल असे त्याचे तीन प्रकार केले. म्हणजे मृत्यूची अशुभ सूचना देणारा शब्दही अश्लीलच! हा दोष रचनेचा होता, त्यासाठी दंड नव्हता. इंग्रजी अंमलात हाच शब्द भारतीय दंडविधानाच्या कलम २९२ चा मराठी पर्याय झाला आणि त्याला १८६८ च्या हिक्लिन खटल्यातील कसोटी चिकटली : ज्यांच्या मनावर असा परिणाम होऊ शकतो, त्यांच्या हाती मजकूर पडल्यास ती मने बिघडतील काय? अर्थाचे केंद्र शब्दाच्या शोभेवरून वाचकाच्या दुबळेपणावर सरकले. ज्या वाचकाला कर्वे विचार करणारा प्रौढ समजत होते, त्यालाच कायदा अल्पवयीन समजत होता. वादाचे मूळ मजकुरापेक्षा वाचकाविषयीच्या या दोन कल्पनांत आहे.

५.५ वर्धा आणि ‘यम्’ धातू

पिपरी मेघे, वर्धा, सेवाग्राम या परिसरातील विद्यार्थ्यांना या वादाची दुसरी बाजू घराजवळच सापडेल. डिसेंबर १९३५ मध्ये संततिनियमनाच्या अमेरिकन पुरस्कर्त्या मार्गारेट सँगर गांधीजींना भेटण्यासाठी वर्ध्याला आल्या होत्या. अपत्ये मर्यादित असावीत, याबद्दल दोघांत मोठा मतभेद नव्हता. परंतु कृत्रिम साधने गांधीजींना मान्य नव्हती. त्यांचा मार्ग ब्रह्मचर्याचा. या भूमिकेवर कर्वे यांनीही टीका केली होती.

गांधीजींचा शब्द ‘आत्मसंयम’, कर्वे यांचा ‘संततिनियमन’. ‘संयम’ आणि ‘नियमन’ हे दोन्ही ‘यम्’, म्हणजे आवरणे, या एकाच धातूपासून आले आहेत. फरक उपसर्गापेक्षा पूर्वपदात आहे : आवरायचे काय, स्वतःला की संततीला? पहिल्या शब्दात इच्छा हीच समस्या ठरते. दुसऱ्यात इच्छा गृहीत धरून तिचा परिणाम हाताळला जातो. या चर्चेत ज्या स्त्रीला वारंवारची बाळंतपणे सोसावी लागत होती, तिच्या दृष्टीने पहिला मार्ग नवऱ्याच्या मर्जीवर अवलंबून होता. कर्वे यांनी हा मुद्दा सोडला नाही.

स्वाध्याय

आपल्या परिसरातील बोलीत मासिक पाळी, गर्भारपण व वांझपण यांसाठी रूढ असलेले शब्द वडीलधाऱ्या स्त्रियांना विचारून नोंदवा. त्यांतील कोणते शब्द पुरुषांसमोर उच्चारले जात नाहीत आणि त्यांऐवजी काय म्हटले जाते, ते उदाहरणांसह सुमारे १५० शब्दांत लिहा.