खेळाचा तास आणि अपंग मुलगी

म्हसवड व त्याभोवतीचा माण तालुका अवर्षणासाठी ओळखला जातो. याच तालुक्यातील मोही गावची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत अंतिम फेरीत धावली. मुलगी धावते याचे नवल वाटावे असे कारण आता येथे उरलेले नाही. मात्र जिचा पाय अधू आहे किंवा जिला दिसत नाही, अशी मुलगी खेळाच्या तासास बहुधा झाडाखाली दप्तरे राखीत बसलेली आढळते. हजेरीपटावर ती उपस्थित असते, खेळात नसते.

सांगली जिल्ह्यातील पेठ येथील मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ साली हायडेलबर्ग येथे पोहण्यात भारताचे पहिले पॅरालिंपिक सुवर्णपदक मिळविले. भारतीय स्त्रीला पहिले पॅरालिंपिक पदक मिळाले ते २०१६ साली, म्हणजे ४४ वर्षांनी. दीपा मलिक यांनी रिओ येथे गोळाफेकीत रौप्यपदक जिंकले. एवढ्या दीर्घ अंतराचे कारण केवळ शरीरात शोधणे योग्य नव्हे. मुलगा अपंग असल्यास घरात त्याच्या पोटापाण्याची चिंता वाहिली जाते. मुलगी असल्यास तिच्या लग्नाची, आणि म्हणून तिला चारचौघांच्या दृष्टीआड ठेवण्याकडे कल होतो. मैदान तर सर्वांच्या दृष्टीसमोरचे स्थळ!

नांदेड जिल्ह्यातील भाग्यश्री जाधव या गोळाफेकपटूने २०२४ साली पॅरिस पॅरालिंपिकच्या उद्घाटनात सुमित अंतिल यांच्यासह राष्ट्रध्वज धरला, व स्पर्धेत पाचवा क्रमांक मिळविला. त्यांचा वर्ग एफ ३४. हातापायांच्या हालचालींवरील ताबा उणावलेल्या व बसून फेक करणाऱ्या खेळाडूंचा. दीपा मलिक यांचा वर्ग एफ ५३, कारण छातीखालील शरीर बधिर. दोघींनीही बसूनच गोळा फेकला, तथापि त्यांची फेक एका मापाने तोलीत नाहीत. वर्ग ठरविताना त्या खेळापुरती शरीराची कोणती हालचाल किती होते, एवढेच तज्ज्ञ तपासतात. दयेस तेथे स्थान नाही. शिक्षकाने हीच दृष्टी घ्यावी.

गावात अशा मुलीस नावाने हाक मारण्याऐवजी व्यंगाने हाक मारण्याची खोड आहे. लंगडी हा तर आपल्या मुलांचा आवडता खेळ. धडधाकट मूल हौसेने एका पायावर उड्या मारते, आणि तोच शब्द वर्गातील एखाद्या मुलीस जन्मभर चिकटतो. हजेरीपटावरील नावानेच हाक मारली जाईल, असा दंडक शिक्षकाने प्रथम स्वतःस घालून घ्यावा.

अपंग मुलांस इतरांच्या बरोबरीने खेळाची संधी देणे हे शाळेचे कर्तव्य म्हणून २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात नमूद आहे. त्यास मोठा खर्च लागतो असे नाही. जाड पायांचे बाक जमिनीत खुंट्या ठोकून दोराने घट्ट बांधले की बसून फेकण्याची सोय होते. न दिसणाऱ्या मुलीने व तिच्या सोबतिणीने आखूड दोरीची टोके धरून बरोबर धावावे. ओढू मात्र नये. पहिली फेक फितीने मोजून शाळेच्या क्रीडानोंदीत त्या मुलीच्या नावापुढे तारखेसह लिहावी, आणि पुढील महिन्याच्या फेकीसाठी खालची ओळ मोकळी ठेवावी.