रुपया पडणारच, या भरवशावर सही करू नका

प्रश्न : कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत माझी छोटी फाउंड्री आहे. कास्टिंग्ज अमेरिकेला जातात, महिन्याला साधारण एक लाख डॉलर येतात. आपला देश घेतो जास्त आणि विकतो कमी. त्यामुळे रुपया पडतच राहणार, असे मी धरून चालतो आणि फॉरवर्ड (पुढच्या तारखेचा दर आजच बांधून घेणारा करार) करत नाही. हे बरोबर आहे का? आता एका फॉरेक्स सल्लागाराने योजना आणली आहे. खर्च शून्य आणि दर फॉरवर्डपेक्षा दीड रुपया जास्त. फक्त डॉलर ठरावीक पातळीच्या वर गेला, तर करारातल्या दराने दुप्पट डॉलर द्यायचे. ‘तसे क्वचितच होते,’ असे तो म्हणतो. गेल्या वर्षी घर तारण ठेवून नवे मशीन घेतले आहे. ही योजना घ्यावी, की सोने घेऊन ठेवावे?
– एक उद्योजक, कोल्हापूर

उत्तर : तुम्ही रुपयाबद्दल विचारले आहे, पण तुमच्या पत्रातली महत्त्वाची ओळ घराच्या तारणाची आहे. म्हणून रुपयाचे थोडक्यात सांगतो आणि त्या दुपटीच्या कलमाचे सविस्तर.

आयात जास्त म्हणजे रुपया पडणारच, असा नियम नाही. देशाने बाहेर जास्त खर्च केला, तर तेवढे डॉलर कुठून तरी यावेच लागतात. २०२२-२३ चा हिशेब पाहा. मालाच्या व्यापारात सुमारे २६५ अब्ज डॉलरची तूट होती. सॉफ्टवेअर आणि इतर सेवांनी त्यातले सुमारे १४३ अब्ज भरून काढले. परदेशातल्या आपल्या माणसांनी घरी पाठवलेले पैसे सुमारे १०० अब्ज होते. परदेशी गुंतवणूकदारांचा नफा आणि व्याज बाहेर गेले. हे सगळे धरून चालू खात्यावर ६७ अब्जांची तूट उरली. तिच्यातले सुमारे ५८ अब्ज परकी गुंतवणूक आणि कर्जांतून आले, तर ९ अब्ज रिझर्व्ह बँकेच्या गंगाजळीतून द्यावे लागले. हिशेब दर वर्षी असाच जुळतो. रुपयाचे काय होणार, हे तुटीइतकेच बाहेरचे भांडवल किती ओढीने येते यावर ठरते.

२००७-०८ मध्येही चालू खात्यावर तूटच होती. पण भांडवल आले शंभर अब्ज डॉलरहून जास्त. रिझर्व्ह बँकेने सुमारे ९२ अब्ज गंगाजळीत घेतले, तरी डॉलर ४४ रुपयांच्या आसपासहून ३९ पर्यंत उतरला. डॉलरचा दर न बांधता बसलेल्या निर्यातदारांचा नफा त्या उतारात वाहून गेला. पुढच्या वर्षी लेहमन ही अमेरिकी बँक बुडाली, भांडवलाचा ओघ सुमारे ७ अब्जांवर आटला आणि मार्च २००९ मध्ये डॉलर ५१ च्या वर गेला. दोन वर्षांत दोन्ही टोके दिसली. यातले कुठले टोक कधी येईल, हे तुम्हाला, मला किंवा तुमच्या सल्लागाराला आधी कळत नाही.

आता ते कलम. २००७ मध्ये डॉलर उतरताना धास्तावलेल्या निर्यातदारांना अशाच ‘शून्य खर्चा’च्या योजना विकल्या गेल्या. तिरुपूरचे कापड निर्यातदार त्यात मोठ्या प्रमाणावर पोळले. काहींना तर स्विस फ्रँक आणि येनवरचे करार दिले होते, ज्यांचा त्यांच्या धंद्याशी काडीचा संबंध नव्हता. प्रकरणे न्यायालयांत गेली. एप्रिल २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेने १९ बँकांना दंड केला. पण दंड झाला म्हणून बुडालेला कारखाना उभा राहत नाही.

खर्च शून्य कसा होतो, ते समजून घ्या. तुम्ही एका डॉलरचे संरक्षण घेता आणि त्याची किंमत रोख देण्याऐवजी दोन डॉलरची जोखीम अंगावर घेता. समजा, डॉलर करारातल्या दरापेक्षा १० रुपयांनी वर गेला. तुमच्याकडे येतात एक लाख डॉलर, द्यायचे दोन लाख. वरचे एक लाख बाजारातून विकत घेऊन १० रुपये तोट्याने द्यावे लागतील. एका महिन्याला १० लाख रुपये. आणि डॉलर असा उसळतो तो बहुधा जगात संकट असताना, म्हणजे अमेरिकेतला ग्राहक ऑर्डर पुढे ढकलतो तेव्हाच. ऑर्डर ६० हजारांवर आली, तर १ लाख ४० हजार डॉलर बाजारातून घ्यायचे. तोटा १४ लाख. करार बारा महिन्यांचा असेल, तर यात घर जाते.

रुपया पडणार, अशी तुमची खात्री आहे आणि ही योजना तुम्हाला बुडवते ती रुपया पडल्यावरच. हे तुमच्या लक्षात कसे आले नाही?

काय करावे? हातात पक्क्या असलेल्या ऑर्डरींपैकी अर्ध्या ते दोन तृतीयांश रकमेचा साधा फॉरवर्ड करा. आपले व्याजदर अमेरिकेपेक्षा जास्त असल्याने पुढच्या तारखेचा दर सहसा आजच्या दराहून वरच असतो. निर्यातदाराला तो फायदा खर्च न करता मिळतो. ग्राहकाला भाव देताना त्या दराने द्या. लहान ग्राहकांना कोणते करार विकता येतात, यावर रिझर्व्ह बँकेने मर्यादा घातल्या आहेत. त्यामुळे कुठल्याही योजनेवर सही करण्याआधी बँकेकडून दोन प्रश्नांची लेखी उत्तरे घ्या : हा करार माझ्यासारख्या ग्राहकाला देता येतो का? आणि डॉलर १० रुपयांनी वर गेला, तर माझ्या खिशातून महिन्याला किती रुपये जातील? दुसरे उत्तर आकड्यात मिळाले नाही, तर उठून या.

सोने : नको. हप्ता सोन्याने भरता येत नाही.

तुमची कमाई कास्टिंगमधून आहे. डॉलरच्या अंदाजावर घर लावू नका. ही योजना घेऊ नका.