आग विझविणाऱ्यांची शाळा

रस्त्यावरून बंब धावत गेला की आपण थबकून पाहतो. जवान उतरतात, नळ्या जोडतात, पाणी मारतात. यात शिकण्यासारखे ते काय, असे कोणालाही वाटेल. परंतु पाणी किती, कोठे आणि कोणत्या रूपात मारावयाचे, हा पदार्थविज्ञानाचा प्रश्न आहे. आगीसमोर उभे राहून गणित मांडायला वेळ नसतो. म्हणून ते आधी शिकून, हाताच्या अंगवळणी पडेपर्यंत घोटावे लागते.

आग पेटती राहण्यास तीन गोष्टी लागतात : इंधन, प्राणवायू आणि उष्णता. पाणी मुख्यतः उष्णता काढून घेते. किती, ते पाहू. ३०° सें. तापमानाचे १ लिटर पाणी १००° पर्यंत तापताना ७० किलोकॅलरी उष्णता घेते. त्याची वाफ होताना मात्र आणखी ५४० किलोकॅलरी लागतात. म्हणजे खरे काम वाफ करते. जे पाणी वाफ न होता जमिनीवरून वाहून गेले, ते बहुतांशी वाया गेले.

मग पाण्याची वाफ लवकर कशी होईल? त्याचे पृष्ठफळ वाढविले तर. १ लिटर पाण्याचा एकच गोळा केला, तर त्याचे पृष्ठफळ सुमारे ४८४ चौ. सेंमी. भरते. त्याच पाण्याचे १ मिमी. व्यासाचे थेंब केले, तर ते ६ चौ. मीटर, म्हणजे सुमारे १२४ पट होते! म्हणून जवानाला फवारा आणि सरळ धार यांतला फरक शिकवितात. फवारा उष्णता झपाट्याने शोषतो. पण दूरवर पोचायचे तर धारच हवी.

येथेच धोकाही आहे. १ लिटर पाण्याची १००° ला सुमारे १७०० लिटर वाफ होते. ३ मीटर लांब, रुंद व उंच अशी खोली भरायला १६ लिटर पाण्याची वाफ पुरे. कोंडलेली वाफ आत शिरलेल्या जवानालाच भाजते. बरे, वाट करून देण्यासाठी खिडकी फोडावी, तर बाहेरची हवा आत येऊन आग भडकू शकते. खिडकी केव्हा फोडायची, या निर्णयावर माणसांचे प्राण अवलंबून असतात. तापलेला धूर छताकडे जातो, म्हणून जवान जमिनीलगत सरपटत जाण्याचा सराव करतात. श्वसनयंत्र लावून, धुराने भरलेल्या अंधाऱ्या खोलीत, हाताने चाचपत वाट काढणे हाही एक धडाच असतो.

आता न्यूटनचा तिसरा नियम आठवा. नळीतून दर सेकंदाला १० किलोग्रॅम पाणी २५ मीटर/सेकंद वेगाने सुटत असेल, तर उलट धक्का सुमारे २५० न्यूटन, म्हणजे २५ किलो वजनाइतका बसतो. नळी हातातून सुटली, तर ती सापासारखी फटकारे मारू लागते. म्हणून पाय कसे रोवावे, जोडीदाराने मागे कसे उभे राहावे, याची कवायत रोज होते.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाला आग लागली. जहाजात कापूस होता आणि स्फोटकेही. आग विझवीत असतानाच प्रचंड स्फोट झाले आणि अग्निशामक दलाचे ६६ जवान मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. शौर्य त्यांच्यापाशी होतेच. परंतु काय जळते आहे आणि शेजारी काय ठेवले आहे, हे आगीशी झुंजणाऱ्याला वेळीच कळणे किती आवश्यक आहे, हे त्या दिवसाने शिकविले. १९५६ साली स्थापन झालेल्या आणि पुढे नागपुरास आलेल्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात अधिकाऱ्यांना प्रशिक्षण दिले जाते. तेथे अग्नि-अभियांत्रिकीची पदवीही घेता येते.

करून पाहा (शिक्षकांच्या देखरेखीखाली) : कागदाच्या द्रोणात पाणी भरून, पाणी असलेल्या भागाखाली मेणबत्ती धरा. पाणी तापते, पण कागद पेटत नाही. का?

सोडवा : (१) १ लिटर पाण्याचे अर्धा मिमी. व्यासाचे थेंब केले, तर एकूण पृष्ठफळ किती? (२) दर सेकंदाला २० किलोग्रॅम पाणी ३० मीटर/सेकंद वेगाने सुटले, तर धक्का किती? एकटा माणूस तो पेलू शकेल काय?

उत्तरे : (१) १२ चौ. मीटर. (२) ६०० न्यूटन. दुसऱ्या भागाचे उत्तर तुम्हीच ठरवा.