हवामानासाठी पैसा कुठून आणायचा?

नगरपरिषदांच्या लेखा विभागात नोकरी झाली. आता कळंबला घरी असतो. ‘प्रदूषण कमी करायचं खरं, पण पैसा कुठाय?’ हे वाक्य सभेसभेत ऐकलं. वह्या लिहिता लिहिता त्यावर जे उमगलं, ते असं.

१. वीजबिल वाचा.
आपल्यासारख्या गावात मोठा खर्च पाण्याचे पंप आणि पथदिव्यांचा. वीज बहुतांशी कोळशाची. परळीचं औष्णिक केंद्र काही लांब नाही. बिलात चालू वापर एकीकडे, थकबाकी आणि विलंब आकार दुसरीकडे. सही करणारा फक्त खालची रक्कम बघतो, वीज वाया कुठे जाते ते बघत नाही. पंपाच्या ग्लँडमधून धार लागलेली, सकाळी दहाला खांबावरचे दिवे चालूच. याला योजना कशाला? पाना आणि टायमर पुरतो.

२. वाचलेला पैसा वेगळा ठेवा.
केंद्राने २०१५ साली एलईडी पथदिव्यांची योजना आणली. दिवे आधी लावायचे आणि बचतीतून हप्ते फेडायचे, असा तिचा हिशेब. गोम अशी की बचत सर्वसाधारण खात्यात पडली की पगारात आणि देयकांत विरून जाते. ठराव करून तिचा स्वतंत्र निधी करा. एलईडीची बचत सौर पंपाला, सौर पंपाची बचत पुढच्या कामाला.

३. ओला कचरा ही जबाबदारी पैशासकट आलेली आहे.
आठवडी बाजार उठल्यावर कोबीचा पाला, मेथीच्या काड्या, सडके टोमॅटो एकाच ट्रॉलीत प्लास्टिकसह जातात. ढिगाखाली हवा नसली की मिथेन तयार होतो; शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सत्तावीस-अठ्ठावीस पट तापवतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी लहान शहरांच्या अनुदानाचा ६० टक्के भाग बंधित ठेवला. त्यातला निम्मा स्वच्छतेसाठी, निम्मा पाण्यासाठी. खत केलं तर ‘हरित महा सिटी कंपोस्ट’ या राज्याच्या नावाने विकता येतं. वर्गीकरण मात्र घरातच व्हायला हवं.

४. नागरिकाला करात सूट द्या.
पुणे महापालिका सौरऊर्जा, गांडूळखत, पर्जन्यजल संधारण करणाऱ्यांना मिळकतकरात ५ ते १० टक्के सूट देते. छतावरच्या सौर संचाला केंद्राचं ७८ हजारांपर्यंत अनुदान आहेच. सूट दिल्याने तिजोरी रिकामी होत नाही. रिकामी होते ती न वसूल झालेल्या घरपट्टीने.

५. बक्षिसावर घर चालत नाही.
राज्याचं ‘माझी वसुंधरा’ पर्यावरण अभियान २ ऑक्टोबर २०२० पासून सुरू आहे. चांगलं काम करणाऱ्या गावांना त्यातून निधी मिळतो. पण बक्षिसासाठी फोटोपुरती लावलेली रोपं मराठवाड्याच्या उन्हाळ्यात टिकत नाहीत. २०१६ साली मांजरा धरण आटलेलं आपण पाहिलंय. रोपांच्या खर्चात तीन उन्हाळ्यांचं पाणी धरा.

६. मोठं काम मिळून करा.
इंदूरने २०२३ मध्ये २४४ कोटींचे हरित रोखे काढले; नर्मदेचं पाणी उपसायला लागणाऱ्या विजेसाठी सौर प्रकल्प उभारायचा म्हणून. एकट्या कळंबचे रोखे कोण घेणार? पण कळंब, भूम, परंडा, वाशी यांनी एकच सौर निविदा काढली, तर ठेकेदारही दराचं बोलायला बसेल.

अर्थसंकल्पाच्या सभेआधी आपल्या नगरसेवकाला एवढंच विचारा: यंदा वीजबिलात किती वाचले, आणि ते कुठल्या खात्यात आहेत?